झिर्कोनियमचे शेजारी

प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत हात घातले, तर माझा चमचा आधीच कुणीतरी धरलेला!

काचेपलीकडे नवा भट्टीवाला हसत होता. पेटीला दोन्ही बाजूंनी जाड रबरी हातमोजे. आतली हवा कोरडी ठणठणीत, कारण दमट हवा लागली की आमचे फ्लोराइड क्षार बिघडतात.

“अहो, चमचा सोडा.”

“गोड बोलून मागा.”

“मिठाच्या कामात गोड कुठून आणू?”

त्यानं सोडला… पण हळूच.

पुढे रोजचंच झालं. मी क्षार नळीत भरायची, तो वितळवायचा. अणुभट्टीत हे मीठ पाण्यासारखं वाहणार. तेव्हा त्यातल्या अणूंची मांडणी कशी असते, ते क्ष-किरणांनी शोधायचं.

“वितळल्यावर सगळे सैरभैर होत असतील ना?” त्यानं विचारलं.

“छे! आपल्या मिठातल्या झिर्कोनियमभोवती फ्लोरिनचं कोंडाळं असतंच. कधी सहा, कधी सात, कधी आठ.”

“आणखी एक आला तर?”

“बाकीचे जरा सरकतात.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी नजर वळवली. लेकीचं सांगितलं नव्हतं मी. कळलं की माणसं काढता पाय घेतात. एकदा पाहिलं होतं.

आणि एका दुपारी, उघडी नळी हातात असताना, मागच्या टेबलावर फोन वाजला. पाळणाघर! माझे हात मोज्यांत अडकलेले.

“धरता का जरा… कानाला?”

तो वळसा घालून आला, फोन धरला.

“आई! मी पडले… पण रडले नाही!” आवाज खणखणीत. त्यालाही ऐकू गेलाच.

तो परत पलीकडे गेला. मोज्यांत हात घातले. झालं, मला वाटलं… संपलं.

“घरी कोण कोण?”

“आई, मी आणि ही पडूबाई. घर एवढंसं. जागाच नाही हो.”

“सरकतात म्हणाला होतात.”

“आणि नाही सरकले तर?”

“मग भट्टीवाला कशाला झालोय? ऊब देणं माझं काम.” त्याची बोटं माझ्या बोटांवर टेकली. “आवडता तुम्ही मला. दोघीही… म्हणजे, ती आवडेलच.”

मोजे इतके जाड, तरी कळलं.

संध्याकाळी कोपरापर्यंत दोनदा हात धुतले, तेव्हा कुठे लेकीला जवळ घेतलं. ती पाळणाघराच्या बाकावर ऐसपैस बसली होती, गुडघ्याला पट्टी मिरवत. तोही सोबत आला होता. त्याला तिनं नखशिखांत न्याहाळलं.

“तू पण पडतोस?”

“पडलोय ना,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “नुकताच.”

तिनं विचार केला… आणि बाकावर जरा सरकली.