सैल टोपी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे घडलंय, आणि भर दुपारी घडलंय. सांगलीतल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत. नाव सांगत नाही; मी तिथे अजून नोकरीला आहे.

आम्ही पाणी तपासतो. काचेच्या छोट्या कुपीत, म्हणजे व्हायलमध्ये, पाणी भरायचं, वर रबराची चकती असलेली अ‍ॅल्युमिनियमची टोपी ठेवायची, पकडीनं दाबायची. मग टोपी बोटानं फिरवून बघायची. फिरली, तर सैल. आतला वास उडून जातो आणि रिपोर्ट खोटा येतो.

आमच्या विनोदिनी मॅडम एकूणएक टोपी फिरवून बघतात. एका टोपीला तीन सेकंद. चाळीस टोप्यांची दोन मिनिटं.

ती दोन मिनिटं मी रोज वाचवायचो.

गेल्या फेब्रुवारीत शिराळ्याकडचे नाथाजी पाण्याची बाटली घेऊन आले. रिटायर फौजी. विहिरीच्या पाण्याला थिनरचा वास येतोय म्हणाले.

"नीट बघा, सायेब. घरात सगळी म्हणत्यात, म्हाताऱ्याचं नाकच गेलंय."

त्यांची व्हायल उचलतानाच टोपी बोटाखाली फिरली. मला कळलं. पण शनिवार होता, आणि मला साताऱ्याची एसटी गाठायची होती.

तशीच मशीनला लावली.

रिपोर्ट आला... काही आढळलं नाही.

"मग पिऊ का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"बिनधास्त प्या, आबा."

जूनमध्ये त्यांची सून पूजा त्याच विहिरीचं पाणी घेऊन आली. नाथाजी गेले होते. पाण्यानं की वयानं, डॉक्टर काही बोलले नाहीत.

या वेळी मी टोपी जीव खाऊन दाबली. फिरवून पाहिली. हलली नाही.

पाठ वळवली...

कर्र...

टोपी हळूहळू फिरत होती. खोलीत कुणी नव्हतं. पंखाही बंद.

पुन्हा दाबली.

पुन्हा... कर्र...

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी बोट लावलं. "घट्ट आहे की रे! मागच्या वेळीही बघितली होतीस ना?"

"हो," मी म्हणालो.

मागच्या रॅकमधल्या सगळ्या टोप्या एकदम... कर्र...

मॅडमना ऐकूच आलं नाही.

पाण्यात थिनर निघालं. पूजा बाहेर बाकावर बसली होती.

"आवं दादा, मग तवा कसं न्हाई निघालं? मामंजींनी बाटलीचं झाकण सैल लावलं व्हतं का?"

"असेल," मी म्हणालो.

"व्हय, त्येंचं कामच तसलं. धा डाव म्हणलं, झाकण मी लावते..." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून मी दाबलेली प्रत्येक टोपी फिरते. फक्त माझ्यासमोर.

परवा रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, "आबा, चूक माझी होती."

फिरणाऱ्या सगळ्या टोप्या थांबल्या. एकदम शांत...

मग टेबलावरचा माझा मोबाईल आपोआप उजळला. फोन कुणाचाच आला नव्हता. स्क्रीनवर रिपोर्टसाठी घेतलेला पूजाचा नंबर उघडलेला होता.

बराच वेळ तो तसाच उजळत राहिला.

मी मोबाईल पालथा घातला.