धुळानं धरलेली जागा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे खरं घडलंय. माझ्या मावशीच्या सासऱ्यांच्या बाबतीत. गेल्या डिसेंबरात, माधवनगरच्या एका बंद गिरणीत. तेही भर दुपारी.

हंबीरआबा साताऱ्याचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. बायको गेली, बरोबरीचे एकेक करून गेले. त्यांना नुसतं 'हंबीर' म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

नात साक्षी त्यांना युद्धावरचं एक प्रदर्शन दाखवायला घेऊन गेली. कुणा कलाकारानं गिरणीत अख्खी बराक उभी केली होती. कॉटची रांग, ब्लँकेटं, बूट, रायफली... सगळं पांढऱ्या प्लॅस्टरचं.

माणूस मात्र एकही नाही.

साक्षीला फोन आला म्हणून ती दारातच थांबली. आबा एकटे आत गेले.

आत रस्त्याचा आवाज येईना. स्वतःच्या चपलांचाही येईना.

मग... कुणीतरी खोकलं.

आबांनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

पुन्हा तोच खोकला. कोरडा, थंडीनं धरलेला. आणि ओळखीचा...

शिराळ्याच्या धुळाचा.

बर्फातल्या चौकीत दोघांच्या कॉट शेजारी शेजारी होत्या. बर्फाचा कडा कोसळून धुळा गाडला गेला, तेव्हा त्याची शवपेटी शिराळ्याला आबांनीच पोचवली होती. चिता जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

"हंबीर, लय उशीर केलास रं. ये... जागा धरलीया."

आबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पाय मागं फिरेनात. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणी तशी हाक मारली होती.

"आलो गड्या," ते म्हणाले.

शेवटच्या कॉटवर त्यांनी हात ठेवला. प्लॅस्टर गार लागायला हवं होतं.

ते उबदार होतं... नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

साक्षी आत आली तेव्हा आबा त्या कॉटवर आडवे व्हायला निघाले होते. तिनं दंड धरून बाहेर आणलं. गाडीत ते लहान पोरासारखे रडले.

तिनं नंतर कलाकाराला विचारलं, आत काही आवाज लावलेत का? तो नाही म्हणाला. दारातून तिला दोन माणसांचं बोलणं ऐकू आलं होतं, हे तिनं फक्त मला सांगितलं.

आता ते प्रदर्शन साताऱ्यात येतंय. आम्ही आबांना पत्ता लागू दिलेला नाही.

काल मी सहज गेलो, तर ते वर्दीला इस्त्री करत बसलेले. कुठं निघालात, म्हणून विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"साक्षीला सांग, या बारीला बाहीरच थांब."