तर्रीला लागलेली सवय

"अवं, उठ ना वं माय! लोकं पाहून राहिले!"

हर्षा पराते हात जोडायच्या बेताला आली होती. आणि ज्या बाईसाहेबांची ती विनवणी करत होती, त्या नागपूरच्या बेसा रोडच्या कडेला चारी पाय पसरून खुशाल बसल्या होत्या. बाईसाहेबांचं नाव तर्री. जात गावठी, रंग तांबूस, आणि वजन... ते जाऊ द्या. तर्री-पोह्याच्या ठेल्याखाली सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, तिथंच नाव पडलं, आणि तिथलं खाणं काही सुटलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी परवाच बजावलं होतं, हिला पळवा, नाहीतर हिचे सांधे जातील. म्हणून नोव्हेंबरच्या त्या गार सकाळी हर्षा नवे बूट घालून मनीषनगरातून निघाली होती. तर्रीनं मात्र बूट घातले नव्हते आणि पळायचं तर तिच्या मनातच नव्हतं.

तेवढ्यात धुक्यातून एक करड्या रंगाचा कुत्रा आला. त्याच्यामागून, कमरेला दोरी बांधलेला एक उंच मुलगा. कुत्रा पुढे, मुलगा मागे, दोरी मधे ताणलेली. दोघंही मजेत पळत होते. तर्रीला पाहून कुत्रा थांबला, म्हणून मुलालाही थांबावं लागलं.

"मॅडम, तुम्ही कुत्र्याले ओढून राहिल्या," तो म्हणाला.

"मंग? ते मले ओढीन का?"

"हाव! तसंच तं असते."

हर्षा चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर लोकांना समोर बसवून 'खालची ओळ वाचा' म्हणायचं तिचं काम. त्यामुळे माणूस भेटला की तिचं लक्ष आधी डोळ्यांकडे जायचं. या माणसाचे डोळे चांगले होते. पण ते हसत होते, आणि तिलाच हसत होते, म्हणून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

त्याचं नाव चंदन. घर काटोलकडच्या एका खेड्यात, शेती वडील आणि भाऊ पाहायचे. हा इथं खोली घेऊन राहायचा आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासायचा. या पळण्याला कॅनिक्रॉस म्हणतात, हे त्यानं तिला सांगितलं. माणसाच्या कमरेला पट्टा, कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती हार्नेसचे पट्टे, मधे ताणली जाणारी दोरी. कुत्र्यानं पुढे राहून ओढायचं, माणसानं त्याच्या मागे पळायचं. माणसानं पुढे जायचं नाही, कुत्र्याला ओढायचं तर मुळीच नाही.

"पण नवीन कुत्रं पुढं जात नाही," तो म्हणाला. "त्याच्या समोर कोणीतरी आवडीचं माणूस उभं करा लागते. हिले सर्वात जास्त कोण आवडते?"

"पोहेवाला."

"अन् त्याच्यानंतर?"

"मी."

"मंग तुम्ही पुढं जा अन् आवाज द्या. मी घेऊन येतो हिले."

"अन् माझी कुत्री घेऊन पळून गेले तं?"

त्यानं तर्रीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिले घेऊन? कितीक दूर जाईन मी?"

हर्षाला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. त्याच्या कुत्र्याची, भुऱ्याची, दोरी हातात घेऊन ती पन्नास-साठ पावलं पुढे गेली, वळली आणि "तर्रीऽऽ" म्हणून हाक दिली. आणि अहो, काय सांगावं! ती लठ्ठ आळशी तर्री उठली आणि अशी सुटली, की कमरेला तिची दोरी अडकवलेला चंदन दोनदा पडता पडता वाचला. तर्रीनं हर्षाच्या पोटावर पंजे ठेवले आणि चंदन तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन कसाबसा थांबला. धापा टाकत. केस कपाळावर. हर्षाला एकदम वाटलं, आपण केस विंचरून यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती विंचरून आली.

मग हे रोजचंच झालं. आठवड्याभरात तर्रीची आणि चंदनची दोस्ती जमली, कारण त्याच्या खिशात उकडलेलं अंडं असायचं. मग जागा बदलल्या. आता पट्टा हर्षाच्या कमरेला आणि चंदन पुढे उभा. तो हाक मारायचा आणि तर्री हर्षाला ओढत थेट त्याच्यापाशी नेऊन सोडायची. मग तो आणखी पुढे जायचा. पुन्हा हाक, पुन्हा धाव. काय सोय झाली पाहा! रोज सकाळी एका मुलाकडे धावत जायचं, आणि कोणी विचारलंच तर म्हणायचं, मी कुठं गेले, कुत्रीनं नेलं.

"आज लवकर आली तू," तो म्हणायचा.

"मी नाही, तर्री आली."

"तर्रीनं काजळ लावलं आज?"

"...तुझे डोळे तपासून घे एकदा. दुकानात ये, नंबर काढून देतो."

"नंबर तं पाहिजेच होता," म्हणून त्यानं मोबाईल पुढे केला. हर्षानं तर्रीच्या पाठीवर हात फिरवत, त्याच्याकडे न पाहता, एकेक आकडा सांगितला.

बाबांपासून काय लपणार होतं? ताराचंद पराते उमरेडचे विणकर. हातमाग सुटून वर्षं झाली, पण हात काही विसरले नव्हते. विकतचा पट्टा कमरेला काचतो, असं पोरगी म्हणाल्यावर त्यांनी खाटेची जुनी नवार उसवून रुंद, मऊ पट्टा शिवून दिला. चार दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, अजून एक करता?"

"दुसरा काहून?"

"भुऱ्याचा झिजला ना."

"पट्टा तं माणूस बांधते कमरेले. भुऱ्या काहून झिजवीन?"

हर्षा चहा ठेवायला आत पळाली. दुसरा पट्टा मात्र दोन दिवसांत तयार झाला, आणि तो पहिल्यापेक्षा चार बोटं लांब होता.

चंदनची रात्रपाळी असली की तो कारखान्यातून थेट यायचा. डोळे लाल, डब्याची पिशवी खांद्यालाच. ती रागवायची, "झोपायचं सोडून काहून येते गा?" तर तो म्हणायचा, "तर्रीचा सराव चुकते ना."  हर्षानं त्या आठवड्यात थर्मासमधून चहा नेला. एकाच झाकणातून दोघांनी प्यायला. आधी तो, मग ती... आणि त्या वाफेआडून दोघंही दुसरीकडे पाहत राहिले.

जानेवारी संपता संपता त्यानं बातमी सांगितली. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी पुण्याच्या नव्या कारखान्यात पाठवणार होती. बढती होती. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

"तुले काय वाटते?" त्यानं विचारलं.

 जाऊ नको, मला तू आवडतोस, एवढंच तर हर्षाला म्हणायचं होतं. पण ओठांवर आलं ते भलतंच. "मले काय वाटायचं? चांगलीच गोष्ट आहे. अभिनंदन!"

"हाव," तो म्हणाला आणि भुऱ्याच्या गळ्यातला पट्टा उगाच सैल करत बसला.

त्या दिवशी घरी येऊन हर्षानं स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. सोमवारच्या आत सांगायचं, असं तिनं रोज ठरवलं आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहिली की हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अशानं तो जाणार, आणि आपल्या मनातलं आपल्याच मनात कुजणार, हे तिला कळत होतं. तरी जीभ काही रेटेना.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, शर्यत होती. कुत्र्यासोबत पळण्याची, दोन किलोमीटरची. वर्धा रोडपलीकडे एका मोठ्या शेतातली मातीची वाट त्यासाठी आखली होती. शर्यत भरवणाऱ्या रीना मॅडम कामठीच्या. चंदनला हा खेळ त्यांनीच शिकवला होता. एकेक जोडी अर्ध्या अर्ध्या मिनिटानं सुटत होती. हर्षाचा नंबर आधी, चंदनचा सगळ्यात शेवटी. ताराचंदही पोरीचं कौतुक पाहायला आले होते.

शिटी वाजली. "चल तर्री!"

तर्रीनं समोर पाहिलं. समोर कोणीच नव्हतं. तिनं मागे पाहिलं, रांगेच्या शेवटी चंदन उभा होता. मग ती शांतपणे जमिनीवर बसली.

लोक हसले. हर्षा वाकली, चुचकारलं, रागावली, अगदी हातापाया पडली. तर्री ढिम्म. मागच्या जोड्या बाजूनं निघून गेल्या. शेवटी रीना मॅडम आल्या.

"हिचा सराव कसा केलास?"

"समोर चंदन उभा राहायचा. तो आवाज द्यायचा, ही पळायची."

"किती दिवस?"

"तीन महिने."

"तीन महिने?" मॅडम चकित झाल्या. "अगं, ते पहिले पंधरा दिवस करायचं असतं. नंतर माणूस हटवायचा, नाहीतर कुत्र्याला सवय लागते, मग समोर कोणी असल्याशिवाय ते हलत नाही. चंदन, तुला तर मी हे दहादा सांगितलं होतं!"

हर्षा सावकाश वळली. चंदन रांगेतून पुढे आला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग तीन महिने काहून उभा राहिला गा?"

 आजूबाजूला माणसं होती, रीना मॅडम होत्या, तिचे बाबा होते. पण आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती.

"तर्री शिकली असती तं... तुले माझं काय काम होतं? तू एकटीच पळाली असती. अन् मले... तू धुक्यातून पळत येताना दिसायची ना... ते बंद नव्हतं करायचं मले. रोज म्हणायचो, उद्यापासून बाजूले होतो. नाही झालं."

हर्षाला त्याला बदडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. "अन् आता पुण्याले चालला! एवढी सवय लावून! आता कोणाकडं पाहून पळायचं हिनं?"

"त्याचंच भेव वाटते," तो हळूच म्हणाला. "समोर दिसलो नाही, तं विसरून जाशीन."

"कोण? तर्री?"

"...तर्री पण."

 हर्षानं कमरेचा पट्टा सोडला, तर्रीसकट बाबांच्या कमरेला बांधला आणि चंदनला म्हणाली, "जा. पुढं जाऊन उभा राह."

"अगं, वाटेवर कोणी उभं राहिलं तर तू बाद होशील!" रीना मॅडम म्हणाल्या.

"बाद तं बाद, मॅडम."

चंदन भुऱ्याला घेऊन गेला, नेहमीसारखा पन्नास-साठ पावलं. वळला. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच हर्षा निघाली होती.

पहिल्यांदाच तिच्यापुढे दोरी नव्हती, ओढणारं कोणी नव्हतं. साठ पावलं एवढी लांब असतात हे तिला आज कळलं. तोंडात धूळ जात होती, वेणी सुटली होती, मागून कोणीतरी शिटी मारली. ती थांबली नाही. तर्री तिला रोज त्याच्यापासून हातभरावर थांबवायची, तिथंही ती थांबली नाही, तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"आज मले कोणी ओढून नाही आणलं," ती धापा टाकत म्हणाली. "मी आली. माझ्या पायांनी."

"हर्षा—"

"बोलू दे मले, नाहीतर पुन्हा राहून जाईन. मले तू पाहिजे. नागपुरात असला तं नागपुरात पाहिजे, पुण्यात असला तं पुण्यात पाहिजे, पण पाहिजे. उद्या साहेबाले हो म्हणून सांग. जा दोन वर्षं. मी काही तर्री नाही, तू समोर दिसला तरच पळायले."

चंदनचे डोळे भरून आले. "मले पण..."

"काय मले पण? पुरं बोल."

"मले पण तू लय आवडते वं. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी तं मले मॅडम म्हणत होता!"

"भेव लागत होतं तुझं. अजूनही लागते."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. त्यानं बाहीनं तिचा गाल पुसला. धुळीचा एक पट्टा उमटला, तो पुसायला गेला तर दुसरा उमटला.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. त्यांना काही सुचायच्या आत तर्री जिवाच्या आकांतानं येऊन दोघांच्या मधे घुसली. समोर तिची दोन्ही माणसं एकदम दिसल्यावर ती कशाला बसून राहते! आणि तिच्यामागे, कमरेला पट्टा आवळलेले, एक चप्पल वाटेतच राहिलेली, ताराचंद पराते येऊन थडकले.

हर्षानं चंदनचे हात सोडले नाहीत. बाबांनी ते हात पाहिले. मग पोरीचा चेहरा पाहिला. मग चंदनच्या कमरेला आपणच शिवलेला नवारीचा पट्टा पाहिला.

चंदन बाबांकडे वळला. "काका... तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

"बोल ना बापा," ताराचंद गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत म्हणाले. "तीन महिन्यांपासून वाट पाहून राहिलो मी. पण पहिले या कुत्रीले माह्या कमरेतून सोडव, मंग बोल."

चंदन खाली वाकला. पण तर्री त्याच्या खिशातलं अंडं शोधत अशी अंगावर चढली, की पट्ट्याची कडी शेवटी हर्षालाच सोडवावी लागली.