चैतन्यच्या पेशींनी पुसलेली खूण

इरावतीला काहीच होत नव्हतं. ताप नाही, अंगावर निळे डाग नाहीत. आदल्या दिवशीच ती लंगडीत अर्ध्या वर्गाला बाद करून आली होती. तरीही नाशिकच्या रुग्णालयातल्या यंत्राने तिचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) परत आला आहे.

"मला कळलं नाही, मग त्याला कसं कळलं?" तिने रागानेच विचारलं. आई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

डॉ. शमीम मुलाणी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. कर्करोगाच्या संशोधनात त्यांचे केस पिकले होते, आणि मुलांशी त्या कधी खोटं बोलत नसत.

"प्रत्येक पेशीत जनुकं (कसं वागायचं याच्या सूचना) असतात. तुझ्या काही पेशींमधल्या सूचना बिघडल्यात. थांबायचं कधी हेच त्यांना कळत नाही, नुसत्या वाढत सुटल्यात. त्यातल्या काही मरतात, तेव्हा बिघडलेल्या सूचनांचे तुकडे रक्तात तरंगत राहतात. यंत्र ते वाचतं. तुला त्रास व्हायला अजून वेळ होता, म्हणून तुला कळलं नाही."

"पण रक्तात पहारेकरी असतात ना? ते काय झोपलेत?"

"झोपले नाहीत गं. त्यांना वाटतं, या आपल्याच घरच्या पेशी. आणि त्या आहेतही. म्हणून त्यांना ओळखायला शिकवायचं."

मग इरावतीच्या रक्तातून टी-पेशी (रोगट पेशी ओळखून मारणारे पहारेकरी) वेगळ्या काढल्या. एका विषाणूतला रोग पसरवणारा भाग काढून टाकला आणि त्याच्या हाती त्या पेशींत नवी सूचना पोचवली: अमुक खूण ज्या पेशीच्या अंगावर दिसेल, तिला मारा. पूर्वी याला कित्येक आठवडे लागत. आता वॉर्डाशेजारच्या प्रयोगशाळेतच ते काम झटपट होई. शिकलेल्या पेशी वाढवून पुन्हा तिच्या शिरेत सोडल्या.

शेजारच्या खाटेवर मालेगावचा चैतन्य होता. तिच्याच वयाचा, पतंगांबद्दल बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याचे हेच उपचार आधी झाले होते.

"ताप येईल. बेक्कार येईल," तो म्हणाला. "पण आला म्हणजे मारामारी सुरू झाली असं समज."

ताप आला. इरावतीला आईचं नाव आठवेना. डॉक्टरांनी खवळलेल्या पहारेकऱ्यांना आवरायचं औषध दिलं, तरी तिला शुद्धीवर यायला वेळ लागला. पुढच्या तपासणीत यंत्राला एकही तुकडा सापडला नाही.

"सापडला नाही, म्हणजे नाहीच असं नव्हे," डॉ. मुलाणी म्हणाल्या. "आपण बघत राहू."

पण त्याच आठवड्यात चैतन्यचा आजार उलटला. तो पतंगांबद्दल बोलेनासा झाला, मग बोलेनासाच झाला. एका दुपारी त्याचे बाबा त्याच्या चपला पिशवीत भरून निघून गेले.

इरावती कितीतरी दिवस त्या रिकाम्या खाटेकडे पाठ करून झोपली. शेवटी ती प्रयोगशाळेच्या बंद दारापाशी डॉ. मुलाणींजवळ जाऊन उभी राहिली.

"त्याचे पहारेकरी हरले?"

"नाही. खूण असलेली एकेक पेशी त्यांनी मारली. पण काही पेशींच्या अंगावरची खूणच पुसली गेली होती. त्या दिसल्याच नाहीत. वाचल्या, आणि वाढल्या."

"मग दोन खुणा शिकवायच्या. एक पुसली तरी दुसरी राहील."

डॉ. मुलाणींनी चष्मा काढला. "तेच करतोय आम्ही. पहिल्या मुलाला लवकरच देऊ."

"चैतन्यला का नाही दिलं?"

"तयार नव्हतं, बाळा." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अजून थोडं राहिलं होतं."

आत, काचेपलीकडे, पिशव्या संथपणे हलत होत्या. कुणाच्या तरी पेशी त्यांत शिकत होत्या.

"आणि दोन्ही खुणा पुसल्या गेल्या तर?"

"तर तिसरी शोधावी लागेल."

इरावतीने काचेला टेकवलेलं डोकं उचललं. "कशी शोधतात," ती म्हणाली, "मला दाखवा."

डॉ. मुलाणींनी तिच्यासाठी दार उघडलं.