पावाच्या बदल्यात

लग्न असो की कंपनीचं वार्षिक जेवण, पाहुणा सगळ्यात आधी तुटून पडतो तो पावावर. पुढच्या पदार्थांना नाकं मुरडणारी माणसं ब्रेड बास्केट मात्र चाटूनपुसून साफ करतात. व्हिन्सेंट तुस्कानोचं हे ठाम मत होतं. रास अल खैमाच्या समुद्रकाठच्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर म्हणून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे पावाच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायला कोणी जात नसे. म्हणूनच दुबईच्या एका ब्रिटिश कंपनीच्या डिनरसाठी एल्रॉयने टोपल्या भरभरून काळा, जाडाभरडा पाव करायला सांगितला तेव्हा व्हिन्सेंट वैतागला.

"हा कोण खाणार रे? आमच्या वसईतल्या गास गावची बकरीसुद्धा हुंगून पुढे जाईल."

"खायचा नाही बाबा, दाखवायचा आहे," एल्रॉय म्हणाला. तो इव्हेंट कंपनीचा माणूस. मूळचा नंदाखालचा, म्हणजे वसईचाच, त्यामुळे दोघांचं मराठीतून भांडण छान रंगायचं. "थीम काय आहे? नॉर्मन फीस्ट. वरच्या टेबलावर नॉर्मन सरदार, खाली भुकेले सॅक्सन."

बॉलरूमचं त्याने पार रूप पालटून टाकलं होतं. थर्माकोलच्या दगडी भिंती, वाळलेल्या गवताच्या पेंढ्या, मधोमध खोटी चूल. एसी एवढा गार की जॅकेट घालूनही व्हिन्सेंटचे खांदे आखडले होते. एल्रॉय इतिहासाचा किडा. त्याला थांबवणं अवघड. हजार वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. तिथली साधी शेतकरी माणसं म्हणजे सॅक्सन. उत्तरेकडे बंड झालं, तेव्हा राजाने भर हिवाळ्यात तिथली गावंच्या गावं जाळली, बियाणंसुद्धा ठेवलं नाही. बंड केलं सरदारांनी आणि मेली गरीब माणसं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"मग ही माणसं करायची काय? ज्याच्या घरी धान्य असेल त्याच्यापुढे गुडघे टेकायचे आणि आपलं डोकं त्याच्या दोन हातांत द्यायचं. म्हणजे आजपासून मी तुझा गुलाम, मला खायला घाल. खरं आहे हे, व्हिन्सेंट. आपण तोच सीन करतोय."

"लोक जेवायला येणार, आणि तू त्यांना हे दाखवणार?"

"क्लायंटला आवडलंय. खलास."

दुपारच्या रंगीत तालमीला सरदाराचं काम करणारा नट दुबईहून निघाला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला. एल्रॉयने लाल झगा व्हिन्सेंटच्याच खांद्यावर टाकला. "यल्ला, चल, तू बस. नुसतं डोकं धरायचं आणि पाव द्यायचा."

लाँड्रीची आणि भांडी विभागाची माणसं गोणपाटाचे अंगरखे घालून रांगेत उभी होती. खी खी चाललं होतं नुसतं. वली नावाचा पेशावरचा स्टुअर्ड गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "हुजूर, बिर्यानी नहीं मिलेगी क्या?" सगळे फिदीफिदी हसले. रांग संपली, माणसं कपडे बदलायला पळाली. एल्रॉय पाठ करून फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

व्हिन्सेंट झगा काढणार, तेवढ्यात आणखी एक बाई पुढे आली.

हाउसकीपिंगची असेल, त्याला वाटलं. तिच्या अंगावर तपकिरी लोकरीचं जाड कापड होतं, ओलं, आणि एका बाजूने करपलेलं. मेकअपवाल्याने कमालच केली होती. गालांची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. ती हसत नव्हती. ती गुडघ्यावर बसली, मान पुढे केली आणि डोकं त्याच्या तळहातांत ठेवलं.

गासच्या घरी एक रीत आहे. सांजेची रोझरी संपली की पोरंबाळं मोठ्यांपुढे मान वाकवतात, आणि मोठे डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद देतात. इथेही, अल नखीलच्या फ्लॅटमध्ये, व्हिन्सेंटची लेक ट्रेसी रोज त्याच्यापुढे अशीच वाकायची. पुढे वाकलेलं डोकं दिसलं की त्याचे हात आपोआप चालायचे. तसेच ते चालले. त्याने तिच्या केसांवर दोन्ही हात दाबले आणि तोंडातून निघून गेलं, "देव तुझं भलं करो, बाळा."

डोकं गार होतं. एसीने वस्तू गार होते तसं नव्हे, आतूनच गार. आणि जड. जणू तिने मानेतलं सगळं बळ सोडून देऊन ते त्याच्या स्वाधीन केलं होतं. जळक्या गवताचा वास आला. त्याने घाईने पाव पुढे केला. तिने तो कापडात छातीशी लपवला आणि सर्व्हिसच्या दाराने ती निघून गेली.

"एल्रॉय, ती बाई कोण रे? हाउसकीपिंगची का?"

"कुठली बाई? मी बायका मागवल्याच नाहीत." एल्रॉयने फोन खिशात टाकला आणि तो थबकला. "हातांना काय लागलंय तुझ्या?"

दोन्ही तळहात काजळीने काळे झाले होते.

डिनर झकास झालं. क्लायंट खूश, जनरल मॅनेजर खूश. व्हिन्सेंटनेही ती गोष्ट मनाआड केली. हॉटेलात कोण कुठून येतं-जातं, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

मग ट्रेसीला भूक लागायला लागली.

चौथीतली पोर ती, आधी जेवायला नखरे करणारी. आता भात, सुरमईचं कालवण, वर दोन पोळ्या खायची आणि ताट धुतलं जाण्याआधी म्हणायची, "पप्पा, आय ॲम स्टिल हंग्री."

"वाढीचं वय आहे," नोरा म्हणाली. व्हिन्सेंटची बायको क्लिनिकमध्ये नर्स, सहजासहजी घाबरणारी नाही. पण पोर वाढत नव्हती, वाळत होती. शाळेचा स्कर्ट आधी सेफ्टी पिनने आवळला, मग दुसरी पिन लागली. मनगटं काटक्यांसारखी झाली. नोराने सगळ्या टेस्ट करून घेतल्या. सगळ्या नॉर्मल.

"जंत नाहीत, शुगर नाही, थायरॉइड नाही," ती एक दिवस स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझ्या डोळ्यांदेखत पोरगी संपत चाललीय रे, व्हिन्सेंट. खातेय ते जातंय कुठे?"

ते कुठे जातंय हे व्हिन्सेंटला त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी दिसलं.

नोरा ड्युटीवर होती. ट्रेसी शाळेतून येऊन टेबलाशी जेवत बसली होती. व्हिन्सेंट पाणी आणायला निघाला आणि पॅसेजमध्येच थांबला. जळक्या गवताचा वास येत होता, ओल्या लोकरीचाही.

बाई ट्रेसीच्या खुर्चीमागे उभी होती.

ट्रेसीने चमचा तोंडात घातला. ट्रेसीचा गळा हलला नाही. मागे बाईचा गळा हलला. ट्रेसीने दुसरा घास घेतला. बाईने तो सावकाश चावला, डोळे मिटून गिळला.

व्हिन्सेंटला भीती वाटली. तशी माणसाला पुष्कळदा वाटते, पण ही वेगळी होती. ओरडायचं होतं, ओरडता येईना. बाईने डोळे उघडले आणि त्याला पाहिलं.

तिने दात विचकले असते तर बरं झालं असतं. तिने अदबीने मान खाली घातली. मालक आला की नोकर घालतो तशी.

एल्रॉय आधी फोनवर खूप हसला, मग हसायचा थांबला.

"तू डोकं धरलंस, वर बाळा म्हणालास, आणि पाव दिलास."

"अरे, सवयीने झालं ते!"

"सवयीने काय नि कशाने काय, तू घेतलंस ना? ज्याने डोकं घेतलं त्याने पोसायचं. तिचा वाटा तुझ्या घरातल्या ताटातून जाणार."

"माझ्या ताटातून घे म्हणावं! पोरीच्या का?"

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला.

"यातून सोडवायचं कसं, ते सांग. तुझ्या त्या पुस्तकांत काहीतरी असेल."

"गुलामाला चौरस्त्यावर न्यायचे. सगळ्या वाटा तुला मोकळ्या, असं मालकाने तोंडाने म्हणायचं. मग ती मोकळी. तुझ्या-माझ्यासारखी. घर करील, हवं तर स्वतः कुणाचं डोकं घेईल... व्हिन्सेंट, फादरना विचार ना आधी. ऐकतोयस का?"

व्हिन्सेंट गाडीची किल्ली शोधत होता.

नोरा घरी येताच ट्रेसीला तिच्या हवाली करून तो खाली उतरला. गाडीचं मागचं दार उघडलं आणि रिकाम्या पार्किंगकडे बघत म्हणाला, "चल." स्वतःचाच आवाज ऐकून त्याला लाज वाटली. पण सीट दबली, आणि वास आत आला.

रास अल खैमात चौरस्ता शोधून दाखवा. जिथे तिथे राउंडअबाउट! नखीलमध्ये राउंडअबाउट, पुढे राउंडअबाउट, त्याच्याही पुढे तेच. व्हिन्सेंट घामाघूम होऊन गोल गोल फिरत राहिला. आरशात बघायची त्याची छाती झाली नाही. शेवटी डोंगराकडे, दगडखाणींच्या बाजूला, ट्रकच्या दोन कच्च्या वाटा एकमेकींना कापून जात होत्या तिथे त्याने गाडी थांबवली. उन्हं उतरली होती, पण चांगलं दिसत होतं. सगळीकडे सिमेंटची पांढरी धूळ.

त्याने मागचं दार उघडलं. "या चारी वाटा तुला मोकळ्या. आजपासून तू माझी कोणी नाहीस, मी तुझा कोणी नाही. जा, बाई. हात जोडतो तुला."

सीट वर आली. धुळीत अनवाणी पावलं उमटत चौकाच्या मधोमध गेली. तिथे ती फिरली आणि गाडीकडे तोंड करून थांबली.

पुढचं बघायला व्हिन्सेंट थांबला नाही.

तिथून तो तडक हॉटेलवर गेला. सुट्टी असली तरी लग्नाचं फंक्शन होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं. घरी परतला तेव्हा ट्रेसी झोपली होती, आणि तिच्या अंगावर हात ठेवून तो पहिल्यांदाच शांतपणे रडला.

दुसऱ्या दिवसापासून तिने भूक म्हणून म्हटलं नाही. आठवड्याभरात गाल भरले. पिना सुटल्या. नोराने फादरना आभाराची मिस्सा सांगितली, शेजाऱ्यांना केक वाटला. "नजर लागली होती पोरीला, दुसरं काही नाही," ती म्हणाली, आणि नर्स असून असं बोलतेय म्हणून स्वतःच हसली. व्हिन्सेंटही हसला. मोकळं हसून किती दिवस झाले होते!

"फक्त शाळेचा डबा तेवढा भरलेलाच परत आणते," नोरा सहज बोलली. "रात्रीही चिवडत बसते नुसती. पण वजन वाढतंय, तर कशाला मागे लागू?"

व्हिन्सेंटचं हसणं ओठांवरच राहिलं.

ट्रेसी हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. तो तिच्यासमोर बसला.

"बाळा, तू जेवतेस कुठे?"

"इथेच. आंटी गिव्हज मी ब्रेड. द ब्लॅक वन."

"कोण आंटी?"

"जिला तू कारमधून सोडलंस ती. शी वॉक्ड बॅक." ट्रेसी शांतपणे सांगत होती, गृहपाठ काय झाला ते सांगावं तसं. "त्या दिवशी आय वॉज सो हंग्री, पप्पा. मम्मा बाथरूममध्ये होती. आंटीकडे ब्रेड होता."

"आणि तू घेतलास?"

"आय सेड थँक यू. अँड देन आय टुक आशीर्वाद, लाइक यू टॉट मी. शी पुट बोथ हँड्स."

व्हिन्सेंटने तिला दोन्ही दंडांना धरून जवळ ओढलं. ती आली नाही. त्या एवढ्याशा अंगात कुठून जोर आला होता कोण जाणे.

"ऐक. उद्याच आपण वसईला जायचं. तू, मी, मम्मा. गासला. मी आत्ता तिकिटं काढतो. येणार ना तू?"

ट्रेसीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि हात पाठीमागे बांधून वाट बघत राहिली. बँक्वेटमध्ये त्याचे वेटर इशाऱ्यासाठी थांबतात तशी.

आतला दिवा बंद होता.

नोराने बेडरूममधून विचारलं, "काय चाललंय बापलेकीचं?"



मग ट्रेसीने मान डोलावली, व्हिन्सेंटकडे बघून नव्हे.

"शी सेज नो, पप्पा," ती म्हणाली, आणि उठून आत कामाला गेली.