सोळा पिसं, एका बाजूची

तो शेवटचा साधा दिवस होता. बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीच्या पहिल्याच फेरीला माझा जोडीदार आला नाही आणि मी रॅकेट पिशवीत घालायला लागले होते. तेवढ्यात टेबलामागून आयोजकांनी हाक मारली, “अहो, इथे एक डावरा रिकामा आहे. चालेल का?”

“मोकळा म्हणा हो,” डावरा म्हणाला. “रिकामा म्हटलं की लोकांना डोकंच रिकामं वाटतं.”

मी हसले. ओळख करून घ्यायला चार मिनिटं होती.

“तुम्ही काय करता?”

“दात.”

“म्हणजे डॉक्टर?”

“छे! ते काढतात, मी घडवतो. कवळ्या. लागली की सांगा, ओळखीत चांगली करून देईन.”

“पन्नास वर्षं थांबावं लागेल.”

“थांबू की...” तो म्हणून गेला आणि रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करू लागला. कान मात्र लाल झाले होते.

खेळ सुरू झाला. हवेने शटल वाहू नये म्हणून पंखे बंद केलेले, पाठीला शर्ट चिकटलेला आणि मी दर फटक्याला चुकत होते. बाबा एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना शिकवायचे. तिथे प्लास्टिकचंच शटल, कारण ते महिनाभर टिकतं. मीही त्यावरच वाढले. प्लास्टिकचं फूल, म्हणजे शटल, मागच्या रेषेपर्यंत पळत येतं. स्पर्धेत मात्र पिसांचं. ते सुसाट निघतं, वाटेतच दम सोडतं आणि सरळ खाली उतरतं. मी मागे वाट बघत उभी, ते माझ्या पुढ्यात पडलेलं.

“ते तुमच्याकडे येणार नाही,” डावरा हळूच म्हणाला. “हट्टी आहे. आपणच जायचं.”

“तुम्ही फुलाबद्दलच बोलताय ना?”

“सध्या तरी.”

आम्ही हरलो. पण वाईट वाटेना. बाकावर बसून एकमेकांच्या चुका आठवत हसत होतो. तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. एक उंच, पिकल्या केसांचा माणूस डब्यात वाकून फेकलेली शटल काढत होता. एकेक उजेडात धरून बघायचा, काही कापडी पिशवीत टाकायचा, काही परत डब्यात.

“ते काका कोण? तुमच्याबरोबर आत आले ना?”

माझी मान तापली. पिशवी माझ्याच जुन्या परकराची होती.

“माझ्याबरोबर? नाही हो... हॉलवरचे असतील कुणीतरी.”

बाबा तेवढ्यात सरळ झाले. आमच्यात चार पावलांचं अंतर होतं. त्यांनी ऐकलं. माझ्या पायाशी पडलेली पाण्याची बाटली उचलून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“ताई, तुमची बाटली.”

ताई. तुमची. एवढं म्हणून ते निघून गेले... माझं खोटं सांभाळत.

परत जाताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. ‘बाबा, चुकले’ आता म्हणू, पुढच्या वळणावर म्हणू. तेच बोलले, “पुढे यायचं, चिमणे. वाट बघायची नाही.” संध्याकाळी किटलीच्या वाफेवर पिसं धरून ते मोडक्या शटलांतून धड शटल जुळवत बसले. मी शेजारी बसून डिंकाची बाटली धरली. सकाळी म्हणू.

सकाळी ते उठलेच नाहीत.

दोन महिन्यांनी डावऱ्याचा निरोप आला. ‘पन्नास वर्षांपैकी दोन महिने झाले. बाकीचे खेळून काढायचे का?’ मी गेले. का गेले, याचं उत्तर मला आवडत नाही. बाबा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं; त्याच्याजवळ मी अजून बाबा असलेली मुलगी होते.

मग दर रविवारी. तो नेटजवळ मुद्दाम सोपं द्यायचा, मी रागवायचे, तो म्हणायचा, “रागावलात की छान मारता.” हळूहळू अहो-जाहो गळालं. घरी कोण कोण, असं त्याने विचारलं तेव्हा मी “आई” म्हणून थांबले. तोही थांबला. त्याला थांबता येतं, हेच मला फार जड जाऊ लागलं. जो माणूस वाट बघतो त्याच्याशी खोटं किती दिवस बोलायचं?

एकदा मी स्वतः एक शटल जुळवून नेलं. त्याने मारलं. ते हवेत दारू प्यायल्यासारखं डुलत गेलं. त्याने उचलून पाहिलं.

“डाव्या पंखाच्या पिसांत दोन उजवी घातलीस. वळण उलटं. सोळाही एकाच बाजूची हवीत.”

“तुला कसं कळलं?”

“तुला एक दाखवायचंय.” त्याने पिशवीतून नळकांडं काढलं. आत एकच शटल होतं. डिंकाचा थेंबही जादा नाही, दोरा कसा, मापून गुंडाळल्यासारखा. हात लावायच्या आधीच मी ओळखलं.

“त्या स्पर्धेतले काका. त्याच दिवशी जिन्यात गाठलं मला, आधीच जुळवलेली सहा फुलं दिली. म्हणाले, ‘त्या ताईंना पिसांची सवय नाही. त्यांच्याबरोबर खेळणार असलात तर यानेच खेळा.’ पाच आपण इतके रविवार मारून पार झिजवली, हे एक कोरं ठेवलं. मी रोज दात घडवतो गं, पण असा हात नाही पाहिला. त्यांना जाऊन सांगायचंय.” त्याने शटल माझ्या तळहातावर ठेवलं. बोटं तिथेच राहिली. “सांगायचंय, की त्या ताई... मला कायमच्या हव्यात. तू हो म्हणालीस तर. कुठे भेटतील गं ते?”

हो तर ओठांवर होतंच. पण त्याआधीचं एक राहिलं होतं.

“ते माझे...”

शेजारच्या कोर्टवर मुलं ओरडत होती. “काय?” त्याने कान पुढे केला.

कुजबुजून सुटता आलं असतं. हॉल भरलेला होता, त्या दिवशीसारखाच. मी शटल छातीशी धरलं.

“ते हॉलवरचे कुणी नव्हते,” मी म्हणाले, इतक्या मोठ्यांदा की शेजारचा खेळ थांबला. “बाबा होते. माझे बाबा होते ते!”