चौथी पिन

११२७ क्रमांकाच्या विमानावर सकाळपासून रंग चालला होता आणि त्या वासानं मुख्य मेकॅनिक वर्कूला मळमळत होतं. आत गंज, वर चकाकी! बिशोफ्तूच्या हवाई तळावर सम्राटाच्या काळी अमेरिकन विमानं होती, सम्राट गेला आणि रशियन आली. वर्कूनं दोन्हींचं तेल अंगावर घेतलं होतं. आता दुरुस्ती म्हणजे एकाचं काढायचं नि दुसऱ्याला लावायचं, एवढंच उरलं होतं.

आज ११२७साठी अशीच एक जुनी खुर्ची आली. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी. वर्कूनं तिच्या पायाशी ठोकलेला आकडा वाचला, फडक्यानं पुसून पुन्हा वाचला.

ही कॅप्टन एंगिदाची खुर्ची. सहा वर्षांपूर्वी होरा तळ्यातून त्याच्यासकट वर काढलेली.

जमिनीवर चुकून उडू नये म्हणून या खुर्चीला लाल फितीच्या तीन पिना असतात. उड्डाणाआधी मेकॅनिकनं त्या काढून वैमानिकाला दाखवायच्या, वैमानिकानं तेवढीच बोटं वर करायची, मग शिडी हटवायची. त्या दिवशी पाहुणे खोळंबले होते, मेजर झेरिहून ओरडत होता, आणि वर्कूनं दोनच पिना मुठीत धरून तीन बोटं दाखवली होती. तिसरी खुर्चीतच राहिली, आणि विमान तळ्यावर कोसळताना खुर्ची उडालीच नाही. चौकशीत ठरलं, वैमानिक घाबरला. तळावरच्या हुतात्म्यांच्या पाटीवर एंगिदाचं नाव लागलं नाही. वर्कू गप्प बसला. स्वतःच्या तोंडाची त्याला तेव्हापासून किळस होती.

विमानात बसवलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळी ओली होती. कोरडा ठणठणीत महिना, छप्पर धड. वर्कूनं ती पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओली, आणि तळ्याच्या गाळाचा कुबट वास. दोन पिना शिडीच्या पायरीवर काढून ठेवलेल्या. तिसरी जागच्या जागी.

तो तडक मेजरकडे गेला आणि सहा वर्षांचं सगळं ओकून मोकळा झाला.

"म्हातारचळ लागला काय तुला?" मेजरनं कॉफीचा घोट घेतला. "पिन राहिली म्हणतोस, मग दाखव की ती पिन."

"ती तळ्यात गेली, साहेब."

"मग तिथंच राहू दे. परवा संचलन आहे. मिकियास एक फेरी मारेल, सेनापती टाळ्या वाजवतील, आपण मेजवानीचं मटण खाऊ. जा, विमान ठीक असल्याची सही कर."

वर्कूनं सही केली. बाहेर येऊन तो भिंतीशी ओकला.

संचलनाच्या सकाळी कॅप्टन मिकियास हसतच चढला. "काय काका, लग्नाच्या वऱ्हाडात प्रेत पाहिल्यासारखं तोंड का केलंय?"

वर्कूनं एकेक पिन काढली, मोठ्यानं मोजली. एक. दोन. तीन. खाली उतरून हात उंच धरला.

काचेआड मिकियासच्या कपाळाला आठी पडली. त्यानं चार बोटं वर केली.

वर्कूनं हाताकडे पाहिलं.

चार पिना.

चौथीची फीत शेवाळानं हिरवी झाली होती. तिच्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"शिडी काढ!" मेजर ओरडला.

"नाही काढत!" वर्कू सगळ्यांदेखत ओरडला. "पोरा, उतर खाली! आत्ताच्या आत्ता!"

मिकियासनं पट्टे सोडले आणि तो खाली आला. वर्कूनं चौथी पिन मेजरच्या पांढऱ्या हातमोज्यावर ठेवली.

"मागितली होतीत ना? घ्या."

मेजरनं पिनेवर कोरलेला आकडा वाचला, एंगिदाच्या खुर्चीचाच. त्याचा चेहरा कणकेसारखा झाला.

रिवाजाप्रमाणे पिना परत लावायला वर्कू शिडी चढला. खुर्ची आता कोरडी होती. त्यानं तिन्ही पिना बसवल्या, आणि मग त्याचं लक्ष पट्ट्यांकडे गेलं.

मिकियासनं सोडलेले पट्टे पुन्हा लागले होते. रिकाम्या जागेवर, पण छातीच्या मापानं फुगीर, आणि हळूहळू वरखाली होत.